ब्लूटूथच्या पानावरची खालून तिसरी ओळ

आखाडा बाळापुरात मला 'ब्लूटूथवाला' म्हणतात. नाव वाईट नाही. गावात एक चष्मेवाले आहेत, एक पंक्चरवाले आहेत, आणि त्यांची घरं त्याच धंद्यावर चालतात. माझं तसं नाही. माझं घर पुण्यातल्या एका कंपनीच्या नोकरीवर चालतं. ती मी घरी बसून करतो आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ब्लूटूथचं काम मी फुकट करतो. आई त्याला लष्कराच्या भाकरी म्हणते, तेही शेजारचं कुणी बसलेलं असेल तर. कुणी नसेल तर तिचे शब्द वेगळे असतात.

काम असं आहे. संगणकावर गाणं चालू असतं, मध्येच मीटिंग सुरू होते, तेवढ्यात कुठून तरी 'टिंग' वाजतं. हे सगळे आवाज गोळा करायचे, कुठला स्पीकरला द्यायचा, कुठला हेडफोनला, आणि माइकमध्ये बोललेलं कुणापर्यंत पोचवायचं, हे ठरवणारा एक प्रोग्राम आत बसलेला असतो. त्याला ऑडिओ सर्व्हर म्हणतात. आमचा ऑडिओ सर्व्हर ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. व्यवहारात वाचत कुणी नाही, वापरतात सगळे, आणि बदलायला मला सांगतात.

मी ह्यात शिरलो तो एका कानामुळे. माझ्या नव्या ब्लूटूथ इअरफोनचा डावाच कान वाजायचा. मी कोड उघडून पाहिला, एका ओळीत चूक सापडली, ती दुरुस्त करून पाठवली. हे सगळं सांभाळणारा गृहस्थ कुठल्याशा बर्फाळ देशात राहायचा. तासाभरात त्याचं उत्तर आलं. इतकं प्रेमळ पत्र मला लग्नाआधी बायकोनंही लिहिलं नव्हतं. अशाच अजून तीन चुका आहेत, बघशील का, असं त्यानं विचारलं. मी बघितल्या. महिन्याभरात त्यानं ब्लूटूथच्या भागाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात कळवलं की आता आपल्याला कोंबड्या पाळायच्या आहेत. तो खरंच कोंबड्या पाळतो. अधूनमधून फोटो पाठवतो. कोंबड्यांच्या तब्येती चांगल्या आहेत.

तेव्हापासून कोड मी बघतो, डॉक्युमेंटेशन म्हणजे वापराच्या माहितीची पानं मी लिहितो, आणि तक्रारींना उत्तरं मी देतो. सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच असते: बोलायला माइक सुरू केला की हेडफोनमधलं गाणं डबड्यातून आल्यासारखं येतं. ते तसंच येणार. ब्लूटूथची वाट अरुंद असते. एकाच बाजूनं आवाज जायचा असला तर ऐसपैस जातो, दोन्ही बाजूंनी जायचा असला की अंग चोरून जातो. हे मी माहितीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं. तक्रारी आल्या. अक्षरं मोठी केली. तक्रारी आल्या. एकानं लिहिलं, 'मी तुमचं सगळं डॉक्युमेंटेशन काळजीपूर्वक वाचलं, त्यात ह्याचा उल्लेखही नाही.' दुसऱ्यानं लिहिलं की आपण आवाजाच्या क्षेत्रात उभं आयुष्य काढलंय, आणि तुमच्यासारख्या माणसाच्या हाती हे काम असणं ही जगाची शोकांतिका आहे. मी दोघांना नम्रपणे पहिल्या पानाचा पत्ता पाठवला. अलीकडे लोक स्वतः तक्रार लिहायचेही कष्ट घेत नाहीत, यंत्राकडून लिहून घेतात. अशी तक्रार चार पानांची असते, मथळे असतात, भाषा गोड असते, आणि दोष कोडच्या कुठल्या तुकड्यात, म्हणजे फंक्शनमध्ये आहे तेही सांगितलेलं असतं. तसलं एक फंक्शन शोधण्यात मी अर्धा दिवस घालवला. ते आमच्या कोडमध्ये कधीच नव्हतं.

पण ज्याबद्दल सांगायचं आहे ते सुरू झालं एका मोठ्या कंपनीच्या पत्रापासून. ही कंपनी हॉटेलांच्या खोल्यांमध्ये लावायचे मोठे पडदे बनवते आणि त्यात आमचा सर्व्हर वापरते, अर्थात फुकट. तिथल्या एका अधिकाऱ्याचं म्हणणं असं, की एकदा जोडलेला फोन पुन्हा जवळ आला तर त्याचा आवाज न विचारता, आपोआप स्पीकरवर यायला हवा. आमच्याकडे ती सोय होती, पण बंद ठेवलेली होती. ज्याला हवी त्यानं मुद्दाम चालू करायची. त्यांना ती सगळ्यांसाठीच चालू हवी होती, कारण त्यांच्याकडे चालू करण्याचं काम कोणत्या विभागाचं हे ठरत नव्हतं. रोज त्यांचं पत्र यायचं. विषय: नम्र स्मरण. पत्रात एक ओळ आणि खाली सहीच्या नऊ ओळी. तीन आठवडे मी टाळलं. एका दुपारी लाइट गेली होती, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजत होता, आणि त्यात तेविसावं नम्र स्मरण आलं. मी वैतागून ती सोय सगळ्यांसाठी चालू करून टाकली आणि ब्लूटूथच्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत, इंग्रजीत लिहून ठेवलं की यापुढे एकदा जोडलेल्या फोनचा आवाज, फोनवरच्या संभाषणासह, आपोआप स्पीकरवर येईल, नको असल्यास बंद करावं. अधिकाऱ्याकडून उत्तरादाखल एक अंगठा आला. चित्रातला.

आता गावातल्या चाचांबद्दल सांगायला हवं. चाचांचं मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान स्टँडच्या रोडवर आहे, त्यांच्या आजोबांपासून. लग्न असो, उरूस असो, गणपती असो की पुढाऱ्याची सभा असो, कर्णे चाचांचेच लागतात. गाणी लावायला आणि रेकॉर्डिंग करायला त्यांच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता, तो भर वरातीत बंद पडायचा. मी त्यावर फुकटातली सिस्टिम आणि आमचा ऑडिओ सर्व्हर घालून दिला. तेव्हापासून तो एकदाही अडला नाही. जगात आमचा सर्व्हर वापरणारे किती आहेत कोण जाणे, पण डोळ्यांना दिसणारा माणूस हा एकच. चाचा गिऱ्हाइकाला सांगायचे, "ह्ये आपल्या गावचं सॉफ्टवेअर हाय. बाहेरचं न्हाई." नवीन आवृत्ती आली की लगेच घ्या, जुनी ठेवू नका, असं मी त्यांना बजावलं होतं. हा उपदेश मी सगळ्या जगाला करतो. ऐकणारे चाचा एकटेच.

त्या आवृत्तीनंतर महिनाभरानं माझ्या जुन्या शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठरला. सकाळी अकराची वेळ. अध्यक्ष होते माझे सातवीचे मराठीचे गुरुजी, निवृत्त, कानानं थोडे कमी झालेले, जिभेनं अजिबात नाही. प्रमुख पाहुणे होते जिल्ह्यातलं एक बडं प्रस्थ. त्यांच्याकडे त्या वेळी कुठलंच पद नव्हतं, पण आधी होतं आणि पुढं असणार होतं, म्हणून सगळे त्यांना साहेबच म्हणत. आणि कार्यक्रमात एक सत्कारही होता. माझा. गावचं नाव सातासमुद्रापार नेल्याबद्दल.

"गुरुजी, कशाला उगं," मी म्हणालो होतो.

"तुझ्यासाठी न्हाई रे," गुरुजी म्हणाले, "शाल आणून ठेवलीय शाळेनं. कुणाला तरी घालावी लागंल."

साहेब बारा वाजता आले. त्यांच्यामागं त्यांचा सहायक होता, पांढऱ्या शर्टातला, दोन्ही हातांत साहेबांचे फोन घेतलेला. ह्या सहायकानं महिन्यापूर्वी डोंगरकड्याच्या एका लग्नात आपल्या आवडीच्या गाण्यावर नाचायचं म्हणून साहेबांचा फोन चाचांच्या कॉम्प्युटरला जोडला होता. मी तिथं जेवायला होतो. गाणं वाजलं, तो नाचला, आणि विसरून गेला. कॉम्प्युटर विसरला नव्हता.

सूत्रसंचालकानं माझी ओळख 'ब्लूटूथचे शोधक' अशी करून दिली. मी मान हलवून नाही म्हणालो, लोकांना तो विनय वाटला. शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मग साहेब बोलायला उभे राहिले. भाषण कायम जपून ठेवायचं म्हणून चाचांनी माइकची वायर कॉम्प्युटरमधून नेली होती. मंडपाच्या मागं साहेबांचा फोन वाजला असणार आणि सहायकानं तो उचलला असणार. आम्हाला त्यातलं काही दिसलं नाही. आम्ही साहेबांकडे बघत होतो.

"विद्यार्थी मित्रांनो," साहेब म्हणाले, "आयुष्यात मोठं व्हायचं असेल, तर माझं ऐका, एक गोष्ट सोडा..."

"सोडा न्हाई मिळाला साहेब!" चारही कर्ण्यांतून आवाज आला. "आख्खं औंढं फिरलो. साध्या पाण्यावरच भागवावं लागंल."

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे, व्यसनमुक्तीचं नाटक वगैरे. एका बाईंनी टाळ्याही वाजवल्या. साहेबांनी माइककडे बघितलं.

"कोण बोललं?"

"मीच हाव ना. सिद्धेश्वरहून. आवाज वळखला न्हाई व्हय? मासे तळाया घेतलेत. तुमी कवा निघून राहिले?"

माइकमधला साहेबांचा आवाज फोनवाटे सिद्धेश्वरच्या धरणाकाठी जात होता, आणि तिकडचा माणूस इमानदारीत उत्तरं देत होता. साहेबांनी माइकपासून लांब सरकायला हवं होतं. पण माइक दिसला की जवळ जायचं, ही आयुष्यभराची सवय. ते आणखी जवळ गेले आणि ओरडले, "बंद करा ते!"

"बंद करू? आत्ताच तेल तापलं की. बरं, तुमी म्हणता तर करतो. पण पाव्हणे येऊन बसलेत, त्यांनी बाटल्या बी उघडल्यात."

"अरे, लेकरं आहेत समोर, लेकरं!"

"लेकरं बी आणून राहिले का?" कर्ण्यातला माणूस काळजीत पडला. "मंग मासे कमी पडतील, साहेब."

नववी-दहावीची पोरं आता एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. शिक्षकांनी रुमाल काढले होते. मंडपाच्या मागून सहायकाचा आवाज ऐकू येत होता, "हॅलो, हॅलो, काहीच ऐकू येऊन न्हाई राहिलं, हॅलो!" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं सांगतो, पहिला विचार जो आला तो लाज वाटावी असाच होता: आवाज किती स्वच्छ येतोय! दोन्हीकडून एकाच वेळी, आणि डबडं नाही, अडखळणं नाही. ह्याच्यावर मी वर्षभर मेहनत घेतली होती. दुसरा विचार आला तेव्हा मी उठलो, शाल सावरत चाचांच्या कॉम्प्युटरपाशी पळालो आणि साहेबांच्या फोनची जोडणी तोडली.

कर्णे बंद पडले. साहेबांनी घसा खाकरून सांगितलं की हे विरोधकांचं कारस्थान आहे, आणि ते गाडीत बसून निघून गेले. कुठल्या दिशेनं गेले हे बघायला बरीच मंडळी फाटकापर्यंत गेली. गाडी औंढ्याकडे, म्हणजे सिद्धेश्वरच्या धरणाकडे, वळली नाही एवढं खरं.

साहेब गेले, पण त्यांची माणसं मागं राहिली. सात-आठ जण चाचांभोवती गोळा झाले.

"कुणी सांगितलं तुला ह्ये कराया?"

"अल्ला कसम, मी बटनाला हात बी न्हाई लावला," चाचा म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू व्हतं, बस."

"मंग फोन आपोआप वाजला व्हय?"

"आपोआपच वाजला, बाबा. काहून वाजला, मला न्हाई मालूम."

"ह्यांचं असंच असतंय," मागून कुणीतरी म्हणालं. 'ह्यांचं' म्हणजे कुणाचं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं आणि कुणी विचारलं नाही. ज्यांच्या घरची लग्नं चाचांच्या मंडपाखाली लागली होती ते पायातल्या चपला बघू लागले. मीही क्षणभर तेच केलं. ते क्षण किती होते हे मी मोजलेलं नाही, पण चाचांनी माझ्याकडे बघितलं होतं आणि मी बोललो नव्हतो, एवढं लक्षात आहे. त्याचा मला आजही राग येतो, स्वतःचा.

मग मी म्हणालो, "त्यांना सोडा. चूक माझी आहे."

"तुमी गप ऱ्हा," त्यांच्यातला एकजण आदरानं म्हणाला. "तुमचा सत्कार झालाय."

मी समजावून सांगायला लागलो. फोन जोडला की सर्व्हर काय करतो, आधी काय करायचा, नव्या आवृत्तीत काय बदललं. जगभरच्या लोकांना मी हे रोज सांगतो आणि त्यांना कळत नाही, मग ह्यांना कशानं कळणार? दोन मिनिटांत त्यांचे चेहरे बघून मलाच मी खोटं बोलतोय असं वाटायला लागलं. एकानं कॉम्प्युटरच्या वायरी उपसायला सुरुवात केली. तो पोलीस चौकीत जमा करायचा ठरलं.

तेवढ्यात गुरुजी स्टेजवरून उतरले. एरवी त्यांना समोरच्याचं बोलणं दोनदा सांगावं लागतं, पण आजचा कार्यक्रम त्यांना पहिल्यांदाच पूर्ण ऐकू आला होता. त्यांनी मला सातवीत उभं करायचे तसं उभं केलं.

"फोन कुणाचा व्हता?"

"साहेबांचा."

"ह्या कॉम्प्युटरला जोडला कुणी?"

"त्यांच्या सहायकानं. डोंगरकड्याच्या लग्नात. नाचायला."

पांढऱ्या शर्टातला सहायक मागं मागं सरकू लागला.

"जोडलेला फोन न विचारता कर्ण्यावर वाजावा, ह्ये कुणी ठरवलं?"

"मी."

"काहून?"

ह्याला खरं उत्तर एकच होतं. "एका कंपनीनं लई त्रास दिला म्हणून."

"लोकांना सांगितलं व्हतंस?"

"लिहून ठेवलं होतं, गुरुजी."

"कुठं?"

"ब्लूटूथच्या पानावर. खालून तिसऱ्या ओळीत."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

गुरुजी चाचांकडे वळले. "तुमाला इंग्रजी येतं का हो?"

"न्हाई, गुरुजी."

"मंग सांगितलं म्हणजे काय केलंस तू?" गुरुजींनी मला विचारलं. मी खाली बघत राहिलो. सातवीतही असंच बघायचो. गुरुजी साहेबांच्या माणसांना म्हणाले, "गुन्हेगार ह्यो हाय. त्याला घेऊन जा चौकीत. मी बी येतो संगं, तक्रार लिहायला. माझं अक्षर चांगलं हाय. काय लिहायचं सांगा. साहेबांचे मासे लेकरांना ऐकू गेले, असं लिहू का?"

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. शाल पांघरलेल्या, हातात नारळ असलेल्या माणसाला चौकीत नेणं तसंही शोभणारं नव्हतं. वायरी उपसणाऱ्यानं त्या खाली ठेवल्या. "पुन्हा असं झालं तर बघा," असं म्हणून ते गेले. पुन्हा काय झालं तर, हे त्यांनी सांगितलं नाही.

चाचांनी एकेक वायर उचलून गुंडाळायला घेतली. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी वायर मागं ओढली.

"बेटा, तू म्हणला अपडेट कर, मी केलं," ते म्हणाले. "तुझं ऐकलं. न ऐकणाऱ्याला काईच तकलीफ न्हाई. बराबर?"

मी पुढं केलेला हात मागं घेतला. त्या महिन्यात साहेबांच्या गोटातल्या तीन कार्यक्रमांना हिंगोलीचा दुसरा लाउडस्पीकर आला. मी दुकानावरून गेलो की चाचा मान हलवायचे, पण बस म्हणायचे नाहीत.

कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी मी ती सोय पहिल्यासारखी बंद केली आणि बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं: एका सार्वजनिक कार्यक्रमात एका व्यक्तीचं खासगी संभाषण लाउडस्पीकरवर गेलं. दुसऱ्या दिवशी चौकशा सुरू झाल्या. एकानं विचारलं, लाउडस्पीकर कोणत्या कंपनीचे होते? एकानं दोष पुन्हा घडवून दाखवण्याच्या पायऱ्या क्रमानं मागितल्या. मी त्यात मासे आणि सोडा घालायचं टाळलं. एकानं माझ्यावर आरोप केला की मी हा प्रसंग रचलेला आहे, कारण भारतातल्या खेड्यात हे सॉफ्टवेअर वापरतच नाहीत. त्याला मी शाळेतल्या कार्यक्रमाचा फोटो पाठवणार होतो, पण त्यात मी शालीत होतो.

हॉटेलवाल्या कंपनीचं पत्र तर आलंच. विषय: तातडीचं नम्र स्मरण. आमच्या ग्राहकांची गैरसोय झाली आहे, बदल मागं घ्यावा, कधी घेणार त्याची तारीख कळवावी. इतकी वर्षं मी अशा पत्रांना तीन परिच्छेदांचं उत्तर द्यायचो, त्यातले दोन माफीचे. ह्या वेळी एक शब्द लिहिला: नाही.  चार दिवस उत्तर आलं नाही. मग कळलं की त्यांनी आमच्या कोडची स्वतःची प्रत काढून त्यात ती सोय चालू ठेवलीय. त्यांचा हक्कच आहे तो. त्यांच्या हॉटेलांमध्ये कुणाचे कोणते फोन कोणत्या खोलीत वाजतात, ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचीही इच्छा नाही.

राहिलं ब्लूटूथचं पान. ते मी पहिल्यांदाच मराठीत केलं आणि गुरुजींकडे घेऊन गेलो. फार मेहनत घेतली होती. गुरुजींनी चष्मा लावला, लाल पेन काढलं, आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

"'सदर उपकरण संलग्न झाल्यास.' ह्ये तुझ्या घरात कोण बोलतं?"

"कुणी नाही."

"मंग कुणासाठी लिहून राहिला?"

पानाचा रंग बदलेपर्यंत त्यांनी लाल केलं. चार दिवसांनी आमच्या दोघांचं पान तयार झालं. पहिलीच ओळ गुरुजींची: 'एकदा जोडलेला फोन कॉम्प्युटरच्या लक्षात राहतो. कार्यक्रम संपला की तो काढून टाका.' हीच वाक्यं मी इंग्रजीत नेली आणि जुनं पान पुसून टाकलं. गेली सहा वर्षं मी इंग्रजीत लिहिलेलं कुणाला का कळत नव्हतं, ते मला मराठीतून समजलं. कोंबड्यावाल्यालाही दाखवलं. तो म्हणाला, हे पान चांगलं आहे, आधीचं मला स्वतःलाच कळायचं नाही. आधीचं अर्धं त्यानंच लिहिलेलं होतं.

ते पान छापून मी चाचांच्या दुकानात गेलो. ते गादीवर बसून होते. "वाचा," म्हणालो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि मोठ्यानं, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. संपल्यावर म्हणाले, "बराबर. समजलं."

मला वाटलं, झालं.

"पन काढून टाकायचं बटन कुठं हाय?"

 बटन नव्हतंच. फोन काढून टाकायचा तर काळी खिडकी उघडून इंग्रजीत आज्ञा टाइप करावी लागायची, एक वेडावाकडा आकडा देऊन. गेली सहा वर्षं मी लोकांना ती आज्ञा सांगत होतो. बटन का नाही, असं एकानंही विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं. आवाजाच्या क्षेत्रात उभं आयुष्य काढल्याचं सांगणाऱ्यांनी नाही, यंत्रांनी लिहिलेल्या चार-चार पानी तक्रारींनी नाही, नऊ ओळींच्या सहीनंही नाही.

बटन करायला दोन आठवडे लागले. मराठीत त्यावर काय लिहायचं ह्यावर गुरुजी आणि चाचांचं दुकानातच भांडण झालं. गुरुजी म्हणाले 'काढून टाका', चाचा म्हणाले, "तसं दिसलं तर कुणी बी घाबरंल, कॉम्प्युटरमधलं सगळंच जाईल म्हणून." शेवटी 'फोन विसरा' ठरलं. आता चाचा प्रत्येक कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायच्या आधी ते बटन दाबतात. मला वाटतं जगात ते नेमानं दाबणारेही तेच एकटे.

परवा चाचा घरी आले. आईनं चहा ठेवला. डोंगरकड्याला एक लग्न आहे, कर्ण्यातून सारखा घूंऽऽ असा आवाज येतोय, जरा चल, म्हणाले. मी लॅपटॉप घेतला, बॅग घेतली, त्यांच्या टेम्पोत बसून गेलो. मंडपात पोचल्यावर लॅपटॉप उघडून सगळ्या नोंदी तपासल्या, आमच्या सर्व्हरमध्ये कसलाच दोष दिसेना. चाचा तोवर एम्प्लिफायरच्या मागं वाकले होते.

"अर्थिंगची वायर ढिल्ली हाय," ते म्हणाले. "मला मालूम व्हतं. पिळायला दोन हात लागतात, अन् पकडायला तिसरा. लॅपटॉप ठेव बाजूला अन् ही धर."

मी वायर धरली.